गळ्यापासून खाली : क्रोशाचा जाळीदार स्वेटर

दुबईत स्वेटर कशाला, असं गावाकडचं माणूस हमखास विचारतं. त्यात त्यांची चूक नाही. इथे दरवर्षी १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला नियमानेच बंदी असते, इतकं ऊन. पण त्याच दुपारी ऑफिसात, मेट्रोत, मॉलमध्ये आपण दंड चोळत बसलेले असतो. तिकडून आणलेला लोकरीचा स्वेटर अशा वेळी उपयोगाचा नाही, कारण तो घालून पार्किंगपर्यंत पोहोचेतो माणूस घामाघूम होतो. हवा तो सुती, जाळीदार, पर्समध्ये घडी करून मावणारा. क्रोशाने असा स्वेटर छान होतो. आणि तो गळ्यापासून सुरू करून खाली विणत नेला, तर अंगाला बसेल की नाही ही धास्ती फारशी उरत नाही.

आपल्यापैकी बहुतेकांनी क्रोशा पाहिला तो रुखवतात, दाराच्या तोरणात, नाहीतर टीव्हीवर अंथरलेल्या गोल रुमालात. आयर्लंडमध्ये १८४० च्या दशकातल्या दुष्काळात बायकांनी याच कामावर घरं चालवली. आपल्याकडे मात्र तो हौशीचा भाग झाला आणि अंगावर घालायच्या कपड्यापर्यंत क्वचितच आला. म्हणून पुष्कळ जणींना वाटतं, की रुमाल येतो पण स्वेटर आपल्याला जमायचा नाही. आमचं म्हणणं असं, की ज्यांना गोल रुमाल येतो त्यांना स्वेटर निम्म्याहून जास्त येतोच.

ते कसं, ते बघा. खांबाची उंची साधारण त्याच्या रुंदीच्या दुप्पट असते. वर्तुळाची त्रिज्या एका खांबाच्या उंचीने वाढली, की परीघ त्याच्या सव्वासहा पट वाढतो, म्हणजे रुंदीच्या हिशेबात बारा-साडेबारा खांब. म्हणून रुमालात दर फेरीला १२ खांब वाढवले की तो सपाट बसतो. कमी वाढवले तर त्याची वाटी होते, जास्त वाढवले तर झालर पडते. आजीला हा हिशेब कुणी शिकवला नव्हता, पण तिचा हात बरोबर बाराच वाढवायचा! आता खांद्याला सपाट रुमाल नको, उतार हवा. तिथे आपण दर फेरीला १२ ऐवजी ८ खांब वाढवू. काखेखाली सरळ नळी हवी, तिथे वाढवणंच बंद. बारा, आठ, शून्य. स्वेटरचं सगळं गणित यात आलं.

आम्ही व्यवसायाने सॉफ्टवेअरवाले. आमच्या धंद्यात म्हणतात, तपासणी शेवटावर ठेवू नका, टप्प्याटप्प्याने करत चला. पाठ, पोट, बाह्या वेगवेगळ्या विणून शेवटी शिवायच्या म्हटलं, तर पाच-सहा गुंड्या आणि दोन महिन्यांच्या संध्याकाळी खर्ची पडल्यावर कळतं की मुंढा आवळतोय. वरून खाली विणताना तोच स्वेटर दर आठवड्याला अंगात घालून बघता येतो.

आधी दोरा. मर्सराइज्ड सुती दोरा घ्या. बर दुबईत किंवा सत्वात शिवणसामानाच्या दुकानांतून चौकशी करा. सुई साडेतीन मिलिमीटरची. मग १० सेंटीमीटर लांब-रुंद असा खांबांचा चौकोन विणा. तो धुवा, वाळवा, चिमट्याने एक रात्र टांगून ठेवा आणि नंतरच मोजा. सूत वजनाने खाली ओढलं जातं. हे न केल्यास कंबरेपर्यंतचा स्वेटर दोन धुण्यांत मांडीवर येतो. आमचं माप १० सेंटीमीटरला २० खांब आणि १० फेऱ्या असं धरलंय. तुमचं वेगळं आलं तर सुई बदला.

तोच चौकोन स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. खालच्या मापाच्या स्वेटरला असे सुमारे ७१ चौकोन लागतात. चौकोन साडेतीन ग्रॅमचा भरला तर दोरा झाला २५० ग्रॅम, म्हणजे ५० ग्रॅमच्या पाच गुंड्या. सहा घ्या, आणि सहाही एकाच लॉटच्या. लॉट बदलला की पांढऱ्याच्यासुद्धा दोन छटा दिसतात.

आता विणकाम. माप छाती साधारण ९० सेंटीमीटरचं. ११६ साखळ्या घालून गोल जोडा. इथे एक मोठी सुई वापरा, कारण साखळी ताणली जात नाही आणि याच भोकातून डोकं जायचं आहे. जोडलेली साखळी लगेच डोक्यातून घालून बघा. पहिल्या फेरीत पुढे ४०, बाहीला १६, मागे ४०, दुसऱ्या बाहीला १६ खांब, आणि या चार भागांच्या मधली एकेक साखळी हे चार कोपरे. प्रत्येक कोपऱ्यात एक खांब, एक साखळी, एक खांब. कोपऱ्याला दोन, चार कोपऱ्यांना मिळून आठ वाढले. पुढे दर फेरीत हेच, कोपऱ्यातल्या साखळीच्या घरात. कोपऱ्यांत रंगीत दोऱ्याची खूण बांधा, म्हणजे गप्पा मारत विणलं तरी चालतं.

या तिरक्या कोपऱ्यांच्या बाहीला रॅग्लन म्हणतात. लॉर्ड रॅग्लनचा उजवा हात १८१५ मध्ये वॉटर्लूच्या लढाईत गेला, आणि सैल मुंढ्याच्या बाहीला त्याचं नाव पडलं. पुढे क्रायमियाच्या युद्धात तो इंग्रजांचा सेनापती होता, आणि त्याच्याच हाताखाली लॉर्ड कार्डिगन होता. स्वेटरच्या दुनियेतली दोन नावं एका रणांगणावरची!

२२ फेऱ्यांनंतर पुढे-मागे ८४-८४ आणि बाह्यांना ६०-६० खांब होतील. आता अंगात घालून आरशासमोर उभ्या राहा. कोपऱ्यांच्या रेघा काखेपर्यंत आल्या पाहिजेत. आल्या नसतील तर आणखी फेऱ्या घाला. दर फेरीला छातीचा घेर २ सेंटीमीटर आणि बाहीचा १ सेंटीमीटर वाढतो. उंची पुरेशी आहे पण छातीला कमी पडतंय, असं असेल तर फेऱ्या वाढवू नका, काखेतल्या साखळ्या वाढवा. हे आम्ही मुद्दाम सांगतोय, कारण बहुतेक स्वेटर इथेच बिघडतात.

मग बाहीचे ६० खांब सोडून द्या, त्यांच्या जागी काखेत १२ साखळ्या घाला आणि मागच्या भागाला जोडा. दुसरीकडे तसंच. घेर झाला १९२ खांब, म्हणजे ९६ सेंटीमीटर. बाही ६० आणि काखेच्या १२ मिळून ७२. बाही विणताना दर तिसऱ्या फेरीत काखेखाली दोन खांब कमी करा; ३० फेऱ्यांत ५२ उरतात, पाऊण बाही झाली.

जाळी कुठे घालायची? वरच्या भागात नको. तिथे दर फेरीला संख्या बदलते आणि नक्षी कोपऱ्यात तुटते. तिथे दर चौथ्या फेरीत कोपऱ्यांच्या आतल्या आत एक खांब, एक साखळी, मधला एक खांब सोडून पुन्हा खांब, एवढी भोकं पुरेत. खरी नक्षी काखेखाली. १९२ आणि ७२ या दोन्हींना २४ ने भाग जातो, तेव्हा ६, ८ किंवा १२ खांबांवर बसणारा पंखा, अननस, काहीही अंगाला आणि बाहीच्या सुरुवातीला बिनबोभाट बसतं. बाही निमुळती होत गेली की मात्र काखेखाली साधेच खांब ठेवावे लागतात.

नक्षीसाठी इंग्रजी पुस्तक घेतलंत तर ते अमेरिकन की ब्रिटिश हे आधी बघा. आपला खांब म्हणजे अमेरिकनांचं डबल क्रोशे आणि ब्रिटिशांचं ट्रेबल. इथल्या दुकानांत दोन्ही पुस्तकं शेजारी-शेजारी असतात. त्यापेक्षा आई किंवा सासूबाई व्हिजिटवर आल्या असतील तर दुपारी त्यांच्याजवळ वही घेऊन बसा. त्यांच्या हातात दहा-बारा नक्ष्या असतात, पण कागदावर एकही नसते, आणि विचारलं तर म्हणतात, "अगं, त्यात सांगायचं काय, बघ की!" बघाच, आणि दर फेरीचे खांब मोजून लिहून ठेवा. चौकोनाच्या आलेखकागदावर काढलं तर उत्तमच.

खाली ३२ फेऱ्या झाल्या की मुक्या खांबांची एक फेरी घालून संपवा. गळा सैल वाटला तर तिथेही एक फेरी, जरा ओढून. मागचा-पुढचा भाग एकसारखाच आहे, उलटा घातला तरी बिघडत नाही. धुतल्यावर पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सपाट पसरून घरातच वाळवा. हँगरला लावला की लांबलाच.

मुलांसाठी याच पद्धतीने विणलात तर शेवटची गाठ खालच्या काठालाच येते. पुढच्या वर्षी मूल उंच झालं की ती गाठ सोडून चार-सहा फेऱ्या वाढवता येतात, बाहीचंही तसंच. सहावी गुंडी उरली असेल तर ती लेबलासकट स्वेटरच्याच पिशवीत ठेवा.