उसाचा रस आणि मोटारीचे इंधन
(इयत्ता सातवीच्या भूगोल व सामान्य विज्ञान या विषयांसाठी शिक्षकांस टिपण)

खेड्यातील मुलास पेट्रोल ठाऊक असते. ते कोठून येते हे मात्र क्वचितच ठाऊक असते. पाठाचा आरंभ करताना शिक्षकाने वर्गास एवढेच विचारावे की, रस्त्यावरच्या पंपातील पेट्रोल मुळात कोणत्या देशातून आले असेल. बहुतेक उत्तरे मुंबईपर्यंत जाऊन थांबतील. भारतास लागणाऱ्या खनिज तेलापैकी शेकडा ८५ हून अधिक तेल परदेशांतून येते, हे फळ्यावर लिहावे आणि जगाच्या नकाशावर इराक, सौदी अरेबिया व रशिया हे देश दाखवावेत.

असे परावलंबन किती महाग पडते, हे १९७३ साली जगास कळले. त्या वर्षी ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध पेटले, इस्रायलच्या पाठीराख्यांस तेल देणे अरब राष्ट्रांनी बंद केले, आणि पिंपामागे सुमारे ३ डॉलर असलेला भाव १९७४ च्या आरंभी ११ डॉलरांच्या पुढे गेला. ब्राझील हा देश त्या वेळी आपल्या गरजेचे सुमारे चारपंचमांश तेल बाहेरून आणीत असे. त्यातच साखरेचे भाव कोसळू लागले. तेल महाग व साखर स्वस्त, अशा पेचात १४ नोव्हेंबर १९७५ रोजी तेथील सरकारने उसापासून मद्यार्क, म्हणजे इथेनॉल, काढून ते पेट्रोलमध्ये मिसळण्याची राष्ट्रीय योजना जाहीर केली. १९७९ पासून निव्वळ इथेनॉलवर चालणाऱ्या मोटारीही विक्रीस आल्या आणि काही वर्षांतच नव्या मोटारींपैकी बहुतेक त्याच जातीच्या होऊ लागल्या.

पुढचा भाग शिक्षकांनी गाळू नये. १९८६ साली तेल स्वस्त झाले. नंतर साखरेस चांगला भाव आला, तसे कारखाने पुन्हा साखरेकडे वळले, आणि १९८९-९० मध्ये पंपांवर इथेनॉलच मिळेना. ज्यांनी सरकारच्या भरवशावर मोटारी घेतल्या होत्या ते रांगांत उभे राहिले. लोकांचा गेलेला विश्वास परत येण्यास २००३ साल उजाडले. त्या वर्षापासून दोन्ही इंधने कोणत्याही प्रमाणात चालतील अशा मोटारी तेथे विकल्या जाऊ लागल्या.

उसातून इंधन कसे निघते हे प्रयोगाने दाखविणे सोपे आहे. काचेच्या बाटलीत अर्ध्यापर्यंत ताजा रस घ्यावा, पाव बनविणारे वापरतात ते यीस्ट चिमूटभर घालावे आणि तोंडास फुगा बांधून बाटली उबदार जागी ठेवावी. काही तासांत फुगा फुगू लागतो. यीस्ट साखर खाते आणि तिचा मद्यार्क व कर्बद्विप्राणील वायू करते. (रस आंबतो हे गुऱ्हाळाच्या गावी मुले शिक्षकांस सांगतील.) मद्यार्क वेगळा काढण्याचा खटाटोप वर्गात करू नये, बाटलीजवळ विस्तवही नेऊ नये.

फुग्यातील वायू हाच हवामानबदलाच्या प्रश्नाचा दुवा होय. उसाने तो गेल्या वर्षी हवेतूनच घेतला होता. तो परत गेल्याने हवेतील साठ्यात भर पडत नाही. खनिज तेलातील कर्ब कोट्यवधी वर्षे जमिनीखाली होता. तो जाळल्याने मात्र नवी भर पडते. तथापि युरिया बनविण्यास नैसर्गिक वायू लागतो, ट्रॅक्टर व ऊसवाहतुकीस डिझेल लागते. म्हणून इथेनॉल सर्वस्वी निर्दोष आहे असे मुलांस सांगू नये. राष्ट्राराष्ट्रांतील वादाचा येथे ओझरता उल्लेख पुरे. हवामानविषयक मूळ करार १९९२ साली झाला, आणि ज्यांनी आधी धूर केला त्यांनी अधिक भार उचलावा, हे त्यातील तत्त्व भारत आजही पुढे मांडतो. सर्व खनिज इंधनांपासून दूर जाण्याची भाषा ठरावात येण्यास २०२३ ची दुबई परिषद उजाडली, आणि तिचे अध्यक्ष यजमान देशाच्या सरकारी तेल कंपनीचे प्रमुख होते!

आपल्याकडे २००३ साली महाराष्ट्रासह काही राज्यांत शेकडा ५ इथेनॉल मिसळण्यास आरंभ झाला. २०२२ साली हे प्रमाण १० व २०२५ साली २० झाले. ऊस उत्पादकास मळीचे व रसाचे नवे गिऱ्हाईक मिळाले, हा लाभ खरा आहे. दुसऱ्या बाजूस, २०२३ साली पावसाने ओढ दिली आणि साखर कमी पडेल या चिंतेने केंद्र सरकारने डिसेंबरात रसापासून इथेनॉल करण्यास मनाई केली. ती काही दिवसांत सैल झाली व ऑगस्ट २०२४ मध्ये उठविण्यात आली. ब्राझीलची १९८९ सालची हकीकत या ठिकाणी वर्गास आठवते का, ते पाहावे. गाडीचे ॲव्हरेज कमी झाल्याची तक्रार मुलांनी घरी ऐकली असेल. इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश असते. तेव्हा २० भाग मिश्रणात शेकडा सहा-सात उष्णता घटते. प्रत्यक्ष फरक इंजिनाच्या रचनेवर अवलंबून राहील.

शेवटी एक गणित घालावे. एका टन उसाच्या रसापासून सुमारे ७० लिटर इथेनॉल निघते. एकरी ४० टन ऊस धरल्यास इथेनॉल किती? उत्तर २,८०० लिटर. निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात उसाच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी धरले आहे. गुणाकार ८० लाख लिटरांच्या वर जातो. एकरात ४,०४७ चौरस मीटर असतात. भागाकार केला म्हणजे शेतभर सुमारे २ मीटर उंचीचे पाणी येते. यातील काही भाग पाऊस देतो, उरलेले विहीर, नदी व कालवा यांतून येते. वर्गाच्या भिंतीवर जमिनीपासून २ मीटरवर खडूने रेघ ओढावी आणि उंच मुलास तिच्याखाली उभे करावे. हंगामात ऊसतोडणीसाठी बीडकडून आलेल्या कुटुंबांची मुले वर्गात असतील, तर त्यांच्या गावच्या विहिरीस उन्हाळ्यात किती पाणी असते हे त्यांनाच सांगू द्यावे, आणि ती रेघ आठवडाभर पुसू नये.