चेहरा सावरण्याचा खर्च कोण देणार?

प्रश्न : वकीलसाहेब, मी सोनईजवळ वस्तीवर राहते. वय ४७. तीन वर्षांपूर्वी डाव्या गालाच्या आत कर्करोग निघाला. लहानपणापासून मिश्री लावायची सवय होती. मुंबईला ऑपरेशन झालं, जबड्याचा थोडा भाग काढला, नंतर शेक घेतले. आता तपासण्या चांगल्या येतात. पण गाल आत ओढला गेलाय, ओठाचा एक कोपरा खाली आलाय, पाणी पिताना सांडतं. बचत गटाच्या मीटिंगला मी पदर तोंडावर घेऊनच बसते. नगरच्या एका क्लिनिकमध्ये चौकशी केली. तिथे गालात इंजेक्शनं देऊन भरून काढायचं ८५ हजारांचं पॅकेज सांगितलं, हप्त्यानेही देता येईल म्हणाले. मी दहा हजार भरले आणि एका इंग्रजी कागदावर सही केली. पैसे परत मिळणार नाहीत असं त्यावर लिहिलंय, हे मुलाने नंतर वाचून सांगितलं. बँकेमार्फत घेतलेली पाच लाखांची आरोग्य पॉलिसी २०१६पासून चालू आहे. एजंट फोनवर म्हणाला, चेहऱ्याचं काम कॉस्मेटिक, त्याचा एक रुपया मिळत नाही. घरात सासूबाई म्हणतात, जीव वाचला तेवढं पुरे, या वयात नटायचं कशाला. मालक म्हणतात, उसाचं पेमेंट आलं की बघू. काय करावं?

उत्तर : ताई, शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण पत्रात तो तुम्ही सगळ्यात कमी शब्दांत लिहिलाय आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पाणी पिताना सांडू नये, चारचौघींत पदर न घेता बसता यावं, हे मागणं नटण्याचं नाही. तोंडाच्या कर्करोगाने माणसाचं खाणं, बोलणं, हसणं सगळ्यालाच हात घातलेला असतो. २००४मध्ये शरद पवारांवर या आजाराची शस्त्रक्रिया झाली. नंतर बोलताना आणि गिळताना होणाऱ्या त्रासाविषयी ते जाहीरपणे बोलले. त्यांनी तो चेहरा घेऊन राजकारण केलं, तसं कुणी करत असेल तर उत्तमच. तुम्हाला तो दुरुस्त करून घ्यावासा वाटतो, तर तेही तितकंच बरोबर आहे. तुमच्या बाजूने बोलणारं एक कलम विमा नियमांतच आहे. सासूबाईंना ते वाचून दाखवा.

पॉलिसीच्या पुस्तिकेत न मिळणाऱ्या खर्चांची यादी असते. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, ही भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी करून दिली आहे. त्यात ‘एक्सक्लुजन ०८’ असा क्रमांक शोधा. कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरीचा खर्च मिळणार नाही, असं ते कलम सुरुवातीला म्हणतं. तुमच्या एजंटाने बहुधा इथपर्यंतच वाचलं असावं. त्याच वाक्यात पुढे अपवाद दिलेले आहेत : अपघात, भाजणं किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना. कर्करोगाचं नाव तिथे स्पष्ट छापलेलं आहे. अट एवढीच की ही गरज वैद्यकीय आहे असं उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लेखी द्यावं.

म्हणून सगळी भिस्त त्या एका दाखल्यावर आहे. तो क्लिनिकमधल्या डॉक्टरांचा नको, तुमचं ऑपरेशन केलेल्या किंवा आता तपासण्या करणाऱ्या कर्करोगतज्ज्ञांचा घ्या. नुसतं ‘चेहऱ्याची सर्जरी आवश्यक’ एवढं लिहून चालत नाही. ऑपरेशनची तारीख, जबड्याचा कोणता भाग काढला, शेक कधी संपले, तोंड आता किती मिलिमीटर उघडतं, ओठ मिटत नसल्याने पाणी सांडतं, घास गालात अडकतो, हे सगळं त्यात यायला हवं. समोरून आणि बाजूने काढलेले फोटो जोडा. मग ज्या रुग्णालयात काम करायचं तिथल्या विमा खिडकीवरून कंपनीकडे आधीच मंजुरी मागा. पैसे भरून नंतर दावा करण्यापेक्षा हा रस्ता बरा, कारण नकार आलाच तर तो खर्च होण्यापूर्वी येतो.

एजंटाने फोनवर दिलेला नकार हा नकारच नव्हे. कंपनीने तो लेखी, कोणत्या कलमाखाली ते सांगून द्यावा लागतो. विमा नियामकाच्या २०२४च्या परिपत्रकानुसार कंपनीच्या दावा पुनरावलोकन समितीच्या मान्यतेशिवाय कुठलाही दावा फेटाळता येत नाही. लेखी नकार आला तर कंपनीच्या तक्रार कक्षाकडे अर्ज करा. तिथूनही नाही म्हणाले, किंवा महिनाभर उत्तरच आलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. नकारापासून एक वर्षाच्या आत तक्रार करायची. फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. पन्नास लाखांपर्यंतचे वाद तिथे चालतात. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तुम्हाला तो पटला नाही तर ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडाच राहतो.

आता जी गोष्ट तुम्हाला आवडणार नाही ती सांगतो. क्लिनिकचं हे पॅकेज विम्यात बसण्याची शक्यता फार कमी आहे. पॉलिसीला नोंदणीकृत रुग्णालय लागतं आणि २४ तासांची भरती किंवा डे-केअरमध्ये मोडणारी शस्त्रक्रिया लागते. खुर्चीवर बसून घेतलेली फिलरची इंजेक्शनं यात येत नाहीत. पोटाची किंवा मांडीची चरबी काढून गालात भरणं, खेचलेला व्रण सोडवणं, ओठाचा कोपरा उचलून बांधणं ही कामं भूल देऊन ऑपरेशन थिएटरमध्ये होतात आणि ती पुनर्रचना म्हणून मांडता येतात. पैशाचं गणितही सांगतं की ८५ हजार स्वतःच्या खिशातून घालण्याआधी प्लास्टिक सर्जनचं मत घ्यावं.

त्याहून मोठं कारण वैद्यकीय आहे. मी डॉक्टर नाही, पण अशा प्रकरणांत डॉक्टर हेच सांगतात : शेक घेतलेल्या कातडीचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो, जखम उशिरा भरते, संसर्ग लवकर होतो. शिवाय गालात भरलेलं द्रव्य पुढच्या स्कॅनमध्ये संशयास्पद दिसू शकतं. आजार परत आला का, हे पाहण्याच्या काळात असा गोंधळ कुणालाच परवडणारा नाही. म्हणून कर्करोगतज्ज्ञांची लेखी संमती हाती येईपर्यंत क्लिनिकमध्ये एकही सुई टोचून घेऊ नका. त्यांनी नको म्हटलं तर कुणाच्याही जाहिरातीने ते हो होत नाही.

दहा हजारांचं काय? ‘पैसे परत मिळणार नाहीत’ असं छापल्याने क्लिनिकचं काम संपत नाही. त्यांनी तुमचा आजार, शेक, स्कॅन यांचे कागद पाहिले का? धोके समजतील अशा भाषेत सांगितले का? संमती ही कशासाठी घेतली त्या कामापुरतीच असते आणि ती समजून दिलेली असावी लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात २००८ साली स्पष्ट केलं. मराठी वाचणाऱ्या बाईला इंग्रजी कागद पुढे करून सही घेणं ही समजून घेतलेली संमती नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे. कर्करोगतज्ज्ञांनी मना केल्याचा कागद जोडून क्लिनिकला रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवा आणि रक्कम परत मागा. दिली नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे १९९५पासून ठरलेलं आहे. नव्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, म्हणजे तुमच्यासाठी अहिल्यानगरचा जिल्हा आयोग. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. दोन वर्षांची मुदत आहे. पावती मात्र हवी. पावती दिली नसेल तर आज मागा.

हप्त्याचा कागद अजून सही झाला नसेल तर करू नका. तो हप्ता बहुतेक वेळा क्लिनिक देत नाही, मध्ये एक कर्ज कंपनी असते. उपचार अर्धवट राहिला तरी ते कर्ज चालू राहतं आणि फेडलं नाही तर तुमचं किंवा मालकांचं नाव खराब होतं, पुढे ट्रॅक्टरचं कर्ज अडतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार एकूण व्याज आणि शुल्क एकत्र मांडलेलं ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ आधी मिळणं तुमचा हक्क आहे.

बिलात आणखी एक खड्डा आहे, तो फार थोड्यांना माहीत असतो. रुग्णालयाच्या उपचारांवर जीएसटी नाही, पण कॉस्मेटिक आणि प्लास्टिक सर्जरीवर १८ टक्के आहे. जन्मजात व्यंग, वाढीतला दोष, इजा किंवा आघात यामुळे बिघडलेलं शरीर पूर्ववत करायचं असेल तर सूट आहे. या यादीत कर्करोगाचा शब्दच नाही. विमा नियामकाने जो शब्द आठवणीने घातला, तो कराच्या अधिसूचनेत राहून गेला. लाखाच्या बिलावर त्यामुळे अठरा हजारांचा फरक पडू शकतो. जीव वाचवण्यासाठी काढलेला जबडा ही शरीराला झालेली इजाच आहे, असा युक्तिवाद करता येतो आणि मी तो करेन. तरी जीएसटी परिषदेने हा शब्द घालावा. रोगाने आधीच पोखरलेल्या घरावर हा कर बसणं अन्यायाचं आहे. तोवर बिल होण्याआधी रुग्णालयाला विचारा की कर लावणार का आणि लावणार तर कोणत्या आधारावर.

पॉलिसीतून काम झालं नाही तरी उसाच्या पेमेंटची वाट पाहायची गरज नाही. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आता राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना आहे, कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत. नुसत्या सौंदर्यासाठीचं काम योजनेत बसत नाही, पण आजाराचा भाग म्हणून लागणाऱ्या प्लास्टिक सर्जरीचं प्रकरण वेगळं. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेत असलेल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. हेल्पलाइन १५५३८८. लोणी किंवा विळदघाटचं रुग्णालय तुम्हाला जवळ, तिथे आधी चौकशी करा. धर्मादाय रुग्णालयांत वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर १० टक्के खाटा मोफत आणि ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर आणखी १० टक्के सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला नेवाशाहून काढून ठेवा.

मुलगा नोकरीला असेल, तुमचा खर्च तो करत असेल आणि जुन्या करपद्धतीत विवरणपत्र भरत असेल, तर अवलंबून असलेल्या आईच्या कर्करोग उपचारासाठी कलम ८० डीडीबीखाली ४० हजारांपर्यंत वजावट मिळते. विम्याने दिलेली रक्कम त्यातून वजा होते. कर्करोगतज्ज्ञांचं प्रिस्क्रिप्शन जपून ठेवा. नवी पद्धत घेतली असेल तर ही वजावट नाही.

प्रश्न : वडिलांच्या हिरडीचा कर्करोग चार वर्षांपूर्वी बरा झाला. तेव्हा पॉलिसी नव्हती. पुढे दात आणि जबड्याचं काम करायचंय म्हणून आता काढतोय. एजंट म्हणतो, जुना आजार लिहू नका, पाच वर्षांनी कुणी विचारू शकत नाही. खरं का? (एक वाचक, घोडेगाव)

उत्तर : अर्धं खरं, आणि राहिलेलं अर्धं घातक. सलग ६० महिने पॉलिसी चालली की माहिती लपवल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही, हा नियम आहे. पण सिद्ध झालेल्या फसवणुकीला तो लागू नाही. ऑपरेशन झालेला कर्करोग ठाऊक असून न लिहिणं कंपनी फसवणूकच म्हणेल, आणि रुग्णालयाचे कागद तिला सहज मिळतात. पॉलिसीही जाईल आणि भरलेला प्रीमियमही. खरं लिहा. काही कंपन्या नाकारतील, काही जास्त प्रीमियम मागतील, काही जुन्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ लावतील. तो जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा असू शकतो. फॉर्म एजंटाला भरू देऊ नका. स्वतः भरा आणि सही केल्यावर त्याची प्रत मागून घ्या. जबड्याचं काम त्याआधीच करायचं असेल तर वर लिहिलेल्या सरकारी योजनेत जुना आजार आड येत नाही. तिथूनच सुरुवात करा.