आधी मोजा, मग वळा

शिडाच्या होडीवर नव्याने येणाऱ्यांना दिव्यांविषयी सांगताना मी आधी रंगांचं नाव काढत नाही. सेकंदकाटा असलेलं घड्याळ हातात घ्यायला सांगतो. कारण रात्री समुद्रात पांढरे दिवे खंडीभर दिसतात. आपला कोणता, ते वेळ मोजल्याशिवाय कळत नाही.

सागरी नकाशावर दिव्याच्या खुणेला जांभळट थेंब जोडलेला असतो आणि शेजारी रोमन लिपीत बारीक ओळ, समजा 'एफएल(२) १०एस ३६एम २०एम'. एफएल म्हणजे चमक : उजेड थोडा, अंधार जास्त. दर दहा सेकंदांत अशा दोन. हे दहा सेकंद एका जोडीच्या सुरुवातीपासून पुढच्या जोडीच्या सुरुवातीपर्यंतचे. नुसता मधला अंधार मोजणारे इथेच फसतात. पहिला 'एम' लहान, म्हणजे मीटरमधली उंची. दुसरा मोठा, म्हणजे सागरी मैल. रंगाचं अक्षर नसेल तर दिवा पांढरा. 'ओसी' असेल तर उलटं : दिवा बराच वेळ पेटता, मध्येच क्षणभर विझणारा.

एकदा दिवाळीनंतर गोव्याहून मुंबईकडे येत होतो. वारा पडलेला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीत रात्रीपुरतं शिरायचं ठरलं होतं आणि तिच्या तोंडावरचा दिवा नकाशानुसार जोडीने चमकणारा. उजव्या हाताला पांढरी चमक दिसताच होडीचे मालक म्हणाले, "आला बघ दिवा. घे आत." सुकाणू माझ्याकडे होतं. मी मोजलं. एक चमक, लगेच दुसरी, तिसरी. जोडी कुठेच नाही.

"काका, हा आपला नव्हे."

"अरे, लाटेआड एखादी जात असेल."

म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. लहान होडीवरून उसळत्या लाटांमागे चमक खरंच हरवते. म्हणूनच निदान तीन फेऱ्या सलग मोजायच्या. मी मोजत राहिलो, होडी सरळ ठेवली. थोड्या वेळाने तो 'दीपस्तंभ' बाजूने गेला : काठीला बांधलेला लुकलुकता एलईडी, खाली प्लॅस्टिकचा कॅन आणि त्याला लागून कुणाचं तरी जाळं. खरा दिवा आणखी उत्तरेला निघाला. आधीच वळलो असतो तर मध्ये खडप होतं. काकांनी चहा मागवला, त्या विषयावर अवाक्षर काढलं नाही.

जवळचा मिणमिणता दिवा आणि लांबचा प्रखर दिवा डोळ्याला सारखेच दिसू शकतात. तेजावरून अंतर ठरवू नका.

नकाशावरचे वीस मैलही होडीवर वीस नसतात. तो आकडा दिव्याच्या ताकदीचा, दृश्यमानता दहा मैल धरून काढलेला. पृथ्वीचा गोलावा त्यात धरलेला नसतो. दिव्याची उंची आणि आपल्या डोळ्याची उंची, दोन्ही मीटरमध्ये, यांची वर्गमुळं काढून बेरीज करा आणि २.०८ ने गुणा. छत्तीस मीटरवरचा दिवा दोन मीटरवरच्या डोळ्याला साधारण साडेपंधरा मैलांवरच दिसू लागेल. धुरकट हवेत आणखी उशिरा. वेळेवर दिसला नाही म्हणून घाबरून दिशा बदलणारे मी पाहिले आहेत.

काही दिव्यांचा उजेड रंगांच्या पट्ट्यांत विभागलेला असतो आणि लाल पट्टा बहुधा धोक्यावर रोखलेला. नकाशावर किंवा दिव्यांच्या यादीत त्या पट्ट्यांचे दिलेले अंश समुद्रातून दिव्याकडे पाहताना मोजायचे, दिव्यातून बाहेर नव्हे. हे उलटं वाचलं की सुरक्षित बाजूच धोक्याची होते.

बंदरात शिरताना आपल्याकडे लाल बोया डाव्या हाताला, हिरवा उजव्या. अमेरिकेत, जपानमध्ये नेमकं उलट; व्यापारी जहाजांवर जाणाऱ्या आपल्या पोरांनी हे पाठच करावं.

आणि प्लॉटरवर फार विसंबू नका. नकाशा लहान केला की त्यावरचे किरकोळ दिवे आपोआप गायब होतात. खाडीच्या तोंडाशी येण्याआधी तो मोठा करून पाहा, दिव्यावर बोट ठेवून त्याची ओळ उघडा आणि ती कागदावर लिहून सुकाणूजवळ चिकटवा. मोजायला बसाल तेव्हा पडद्याच्या उजेडाने डोळे दिपलेले नकोत.