काचेवर पाणी का येत नाही?



गेल्या डिसेंबरात एका दफनविधीसाठी मी डिंडोलीहून भल्या सकाळी नवापूरकडे निघालो. जीप जुनी, सोबत कोणी नाही. बारडोली मागे टाकली तेव्हा सूर्य नुकताच वर आला होता. काचेवर दव साचले होते आणि पुढे चाललेल्या उसाच्या गाड्यांची धूळ त्यावर बसत होती. काच पुसावी म्हणून मी वायपर लावला आणि पाण्याची दांडी ओढली. पाणी आले नाही. ओल्या धुळीचा पांढरा लेप सगळ्या काचेवर पसरला, त्यावर समोरून ऊन पडले आणि रस्ताच दिसेनासा झाला. खिडकीतून डोके बाहेर काढून कशीबशी गाडी डावीकडे उभी केली. उतरून पाहतो तो डोक्यावर गवताचा भारा घेतलेली एक बाई गाडीपासून दोन हातांवरून चालली होती. तिला काही कळलेही नाही. ती तशीच पुढे गेली.

शरमेची गोष्ट पुढेच आहे. काचेवर पाणी येत नाही हे मला तीन आठवड्यांपासून ठाऊक होते. ‘बघू नंतर’ म्हणत मी दिवस काढले. आपण पापाची कबुली देतो तेव्हा केलेल्या चुका आठवतो. पण करायला हवे होते आणि केले नाही, तेही आपल्या हिशेबात असते. त्या दिवशी ती बाई गाडीखाली आली असती तर ‘मोटर बिघडली होती’ हे उत्तर मी कोणाला दिले असते? म्हणून आजचा धडा या लहानशा वस्तूवर.

आपल्या वाटेवर हे अधिक महत्त्वाचे का?

डिंडोलीतील आपली पुष्कळ कुटुंबे खानदेशातील. कोणाची शेती नवापूरकडे, कोणाची नंदुरबार, साक्री, शिरपूरकडे. भाजीपाला घेऊन कोणी पिकअप आणतो, कोणी छोटा हत्ती. सुरत-धुळे महामार्ग पूर्व-पश्चिम जातो. संध्याकाळी माल घेऊन सुरतेकडे यावे तर मावळता सूर्य तोंडावर. माल विकून सकाळी गावाकडे परतावे तर उगवता सूर्य तोंडावर. काच मळकी असेल तर दोन्ही वेळा डोळे दिपतात. ताशी 60 किलोमीटर वेगाची गाडी तीन सेकंदांत 50 मीटर जाते. तेवढ्या अंतरात सायकलवरचा मुलगा येतो, बैलगाडी येते, माणूस येतो.

1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे गाडीला चालू स्थितीतला वायपर असावाच लागतो. परंतु कोरड्या धुळीवर वायपर फिरवणे म्हणजे काचेवर वाळू घासणे. रबर फाटते, काचेवर ओरखडे उठतात आणि रात्री समोरच्या दिव्याचा उजेड त्या ओरखड्यांवर पसरतो. वायपरला पाण्याची जोड हवी.

रचना फवारणी पंपासारखीच

हे यंत्र तुम्हाला नवे नाही. पाठीवरच्या बॅटरी पंपात काय असते? टाकी, तळाशी गाळणी, मोटर, नळी आणि टोकाला नोझल. गाडीतही तेच आहे. दांडी ओढली की टाकीजवळची छोटी मोटर पाणी ढकलते, ते नळीतून वर चढते आणि बॉनेटवरील किंवा वायपरजवळील बारीक नोझलमधून काचेवर उडते. कपाशीवर फवारताना पंप अडला तर तुम्ही एका टोकाकडून सुरुवात करून दोष शोधता. येथेही तसेच करावे.

दोष शोधण्याचा क्रम

1. टाकी पाहा. निम्म्या वेळा टाकीच रिकामी असते. झाकणावर काच आणि कारंजे यांचे चित्र असते. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची टाकी वेगळी. ती गरम असताना कधीही उघडू नये, उकळते पाणी अंगावर उडते. काही मालगाड्यांत काचेच्या पाण्याची टाकी पुढे न ठेवता दुसरीकडे बसवलेली असते. ती कोठे आहे हे मेकॅनिकला एकदा विचारून ठेवावे.

2. आवाज ऐका. गाडी उभी करून हँडब्रेक लावा. इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवा. एकाने दांडी ओढावी, दुसऱ्याने टाकीजवळ कान द्यावा. घरघर ऐकू आली तर मोटर फिरते आहे, दोष पाण्याच्या वाटेत आहे. आवाज नसेल तर दोष बहुधा विजेच्या वाटेत आहे. हा एक प्रश्न अर्धे काम करतो. रिकाम्या टाकीवर मोटर फार वेळ चालवू नये, ती जळते.

3. आवाज येतो, पाणी येत नाही. नोझलची नळी हलकेच काढा आणि दांडी ओढा. नळीतून जोराची धार आली तर नोझल तुंबले आहे. धार आली नाही तर नळीवरून हात फिरवत मागे जा. कोठे ती दबली आहे, कोठे जोडातून निसटली आहे, कोठे उंदरांनी कुरतडली आहे, ते पाहा. मोटरपाशीच नळी काढूनही पाणी येत नसेल तर गाळणी गाळाने भरली आहे किंवा मोटरच्या आतील पंखा तुटला आहे.

4. आवाजच नाही. प्रथम फ्यूज पाहा. कोणता फ्यूज कशाचा, हे पेटीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. जळाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. तार गुंडाळून काम भागवू नका, त्याने गाडीला आग लागू शकते. नवा फ्यूजही लगेच जळाला तर कोठेतरी तार चिकटली आहे किंवा मोटर अडकली आहे. फ्यूज ठीक असेल तर मोटरचा जोड काढून त्यावरचा गंज साफ करा. तेथे टेस्टलॅम्प लावून दांडी ओढायला सांगा. दिवा लागला तर वीज पोहोचते आहे, मोटर बदलावी लागेल. दिवा लागला नाही तर तार किंवा दांडीतला स्विच तपासण्याचे काम इलेक्ट्रिशियनकडे द्यावे.

5. पाणी भरले, पण सकाळी टाकी रिकामी. टाकीला तडा गेला आहे किंवा मोटर जेथे बसते तेथील रबरी बूच कडक झाले आहे. बूच बदलणे स्वस्त काम आहे.

6. फवारा छपरावरून जातो किंवा बॉनेटवरच पडतो. पुष्कळ नोझलांत छोटी गोळी असते. टाचणीने ती किंचित फिरवून धार काचेच्या मध्यावर आणावी.

नोझल का तुंबते?

माझ्या जीपचे नोझल मीच तुंबवले होते. काच अधिक स्वच्छ व्हावी म्हणून मी बोअरच्या पाण्यात कपडे धुण्याची पावडर कालवून टाकीत ओतली होती. जड पाण्यात साबणाचा चोथा होतो. तो गाळणीवर आणि नोझलमध्ये बसला. नुसत्या बोअरच्या पाण्यानेही क्षार साचतात.

उपाय असा. नळी काढून नोझलच्या छिद्रात बारीक सुई अलगद फिरवावी. मग हवेच्या पंपाने बाहेरून आत हवा मारावी, म्हणजे कचरा आला त्या वाटेने निघून जातो. क्षार घट्ट बसले असतील तर नोझल काढून काही वेळ व्हिनेगरमध्ये ठेवावे व स्वच्छ पाण्याने धुवावे. तोंडाने फुंकू नये. फवारणी पंपाचे नोझल तोंडाने फुंकण्याची खोड आपल्याला आहेच. औषधाच्या पंपाला ती घातक आहे आणि येथेही वाईटच. त्याचे कारण पुढे देतो.

आरोग्याचा प्रश्न

1976 साली अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी माजी सैनिकांच्या संमेलनानंतर अनेकांना न्यूमोनिया झाला आणि 29 माजी सैनिक दगावले. पुढच्या वर्षी त्याचा जंतू सापडला. त्याला लीजनेला म्हणतात. तो कोमट, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि पाण्याच्या बारीक तुषारांबरोबर श्वासातून फुप्फुसात जातो. 2010 मध्ये ब्रिटनमधील आरोग्य संशोधकांनी दाखवले की, काचेच्या टाकीत नुसते पाणी भरणाऱ्या गाड्यांत बसणाऱ्यांना हा आजार अधिक होतो. तेथील सुमारे एक पंचमांश रुग्णांचा संबंध त्यांनी या कारणाशी जोडला.

कारण समजायला सोपे आहे. टाकी इंजिनच्या उबेत असते. आणि गाडीत बाहेरची हवा घेणारी जाळी बहुधा काचेच्या पायथ्याशीच असते, म्हणून काचेवर उडवलेले तुषार थोडे आपल्याही श्वासात येतात. घाबरण्याचे कारण नाही. काळजी मात्र घ्यावी, विशेषतः म्हातारी माणसे, विडी-सिगारेट ओढणारे आणि दमेकरी यांनी.

* टाकीत काच धुण्याचे तयार द्रव, बाटलीवर सांगितलेल्या प्रमाणात घालावे. ते मिळाले नाही तर उकळून गार केलेले पाणी थोडेच भरावे व वरचेवर बदलावे.
* शेंदाळलेले किंवा वास येणारे पाणी पूर्ण काढून टाकी धुवावी. झाकण घट्ट लावावे, उघड्या पाण्यात डास अंडी घालतात.
* औषध मोजण्याच्या डब्याने किंवा बादलीने या टाकीत कधीही पाणी ओतू नये. काचेवर उडेल ते तुमच्या नाकात येईल.
* काच धुण्याच्या काही द्रवांत मिथेनॉल हे विष असते. ते पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ठेवू नये.
* बॉनेटखाली उंदरांची घाण असेल तर हातमोजे घालूनच नळीला हात लावावा. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस होतो. दक्षिण गुजरातेत भात आणि उसाच्या शेतात राबणाऱ्यांना या रोगाचा अनुभव आहे.

वाटेत अडचण आली तर

काच आंधळी झाली तर कोरडा वायपर फिरवू नका. वेग कमी करा, इशाऱ्याचे दिवे लावा, डावीकडे घेऊन रस्त्याबाहेर थांबा. पाण्याची एक बाटली आणि स्वच्छ फडके नेहमी गाडीत ठेवा. माझ्याकडे त्या दिवशी तेही नव्हते. रस्त्याकडेच्या एका शेतकऱ्याने तांब्याभर पाणी दिले म्हणून मी दफनविधीला वेळेवर पोहोचलो.

शेवटी

नवी गाडी घेतली की तुम्ही मला आशीर्वादासाठी बोलावता, पवित्र पाणी शिंपडायला सांगता, संत ख्रिस्तोफरचे पदक आरशाला बांधता. ते मी आनंदाने करतो आणि करीत राहीन. पण यापुढे पवित्र पाणी शिंपडण्यापूर्वी मी तुम्हाला एकदा दांडी ओढायला सांगणार आहे. काचेवर पाणी आले, तर मग प्रार्थना करू. देव रक्षण करतो. पण टाकीत पाणी भरण्याचे काम त्याने आपल्यावर सोपवले आहे.

येत्या रविवारी मिस्सा झाल्यावर ज्यांच्या गाड्या आवारात असतील त्यांनी पाच मिनिटे थांबावे. एकमेकांची दांडी ओढून पाहू. ज्यांना फवारणी पंप दुरुस्त करता येतो, त्या तरुणांनी सुई, फडके आणि टेस्टलॅम्प घेऊन यावे. रस्त्याच्या कडेने गवताचा भारा घेऊन चालणारी ती बाई आपल्याला ओळखत नाही. तीच आपली शेजारीण आहे.

प्रभू तुमचा प्रवास सुखरूप करो.

आपला,
धर्मगुरू