वाळूतील ऊब आणि कासवाची पिल्ले

देवळात शिरताना ज्याला आपण वळसा घालतो ते दगडी कासव सर्वांच्या परिचयाचे आहे. जिवंत कासवाची, त्यातही समुद्रकासवाची, माहिती मात्र किनाऱ्यावरच्या माणसांनाही बेताचीच असते. कला शाखेच्या विद्यार्थ्याने हा विषय का घ्यावा, असे कोणी विचारील. कासवाच्या घरट्यावर राखण करणारी माणसे शास्त्रज्ञ नसून गावातील साधी माणसे असतात, एवढे उत्तर मला पुरेसे वाटते.

ऑलिव्ह रिडले जातीची मादी साधारणतः नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रात्रीच्या वेळी कोकणच्या पुळणीवर येते. मागच्या पायांनी सुमारे दीड फूट खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा उकरते, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटून अंगाने चोपते आणि समुद्रात निघून जाते. त्या अंड्यांकडे ती पुन्हा फिरकत नाही. आमच्याकडे खुडूक कोंबडी एकवीस दिवस अंड्यांवरून हलत नाही. तिच्या अंगाची ऊब अंड्यांना मिळते. कासवाच्या अंड्यांना ही ऊब वाळू देते आणि वाळूला सूर्य.

पूर्वी ही अंडी कोल्हे-कुत्री खात, तशी माणसेही नेत. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने मंडणगड तालुक्यातील वेळास येथे ग्रामस्थांच्या साहाय्याने संरक्षणाचे काम सुरू केले. (इतिहासाच्या विद्यार्थ्यांना हे गाव नाना फडणविसांचे म्हणून ठाऊक असेल.) पहाटे पुळणीवर पावलांचा माग काढायचा, घरटे शोधायचे आणि अंडी कुंपणाच्या आत तेवढ्याच खोल खड्ड्यात पुरायची, अशी ही पद्धत आहे. हे काम अंडी घातल्यापासून काही तासांतच उरकावे लागते. पुढे आतील जीव कवचाला चिकटतो, आणि मग अंडे उलटेपालटे झाले तर तो मरतो.

कुंपणामुळे कोल्ह्याचा प्रश्न सुटतो. ऊन मात्र कुंपण मानीत नाही. शाळेत आपण शिकलो की मुलगा की मुलगी हे गुणसूत्रांवर ठरते. समुद्रकासवात तसे नाही. तेथे ते वाळूच्या उष्णतामानावर ठरते, आणि तेही अंडी वाळूत असण्याच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात. साठ दिवसांचा मुक्काम धरला तर विसाव्यापासून चाळिसाव्या दिवसापर्यंतचा हा काळ होय. उष्णतामान २९ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर नर व माद्या दोन्ही निपजतात. वाळू त्याहून थंड असेल तर नर वाढतात, उष्ण असेल तर माद्या. ३४-३५ अंशांच्या वर बराच काळ राहिल्यास जीव अंड्यातच मरू लागतो. म्हणजे सगळ्या माद्या आणि सगळी मेलेली यांत चार-पाच अंशांचेच अंतर आहे! ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातील हिरव्या कासवांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात तेथील अल्पवयीन कासवांपैकी ९९ टक्क्यांहून अधिक माद्या आढळल्या. ही जात वेगळी, किनाराही वेगळा; पण नियम तोच.

उघड्या पुळणीवर एक घरटे भरतीरेषेजवळ असते, दुसरे सुरूच्या सावलीत, तिसरे भर उन्हात. त्यामुळे एकाच हंगामात थोडे नर, थोड्या माद्या अशी वाटणी आपोआप होते. आपण मात्र सगळी घरटी उचलून एका कुंपणात, एकाच उन्हाखाली आणतो. तेथे सावलीचा अंदाज चुकला तर तो सगळ्या घरट्यांना एकदमच भोवतो. म्हणून कुंपण घालणाऱ्याने उन्हाचीही जबाबदारी घेतली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ती कशी घ्यायची? पहिली गोष्ट म्हणजे तापमापक अंड्यांच्या खोलीवर पुरला पाहिजे. वरची वाळू दुपारी पाय भाजवते, पण तिच्यावरून खालचे काही कळत नाही. दीड फुटावर दिवसरात्रीचा फरक जवळजवळ जाणवत नाही. तेथील ऊब हळूहळू चढते आणि हळूहळूच उतरते. म्हणून आज घातलेल्या मांडवाचा परिणाम दिसायला काही दिवस जावे लागतात. शिवाय शेवटच्या दिवसांत वाढती पिल्ले स्वतःच ऊब निर्माण करतात, त्यामुळे घरटे भोवतालच्या वाळूपेक्षाही तापते. दोन घरट्यांमध्ये हातदीड हात जागा सोडावी ती याचसाठी. डिसेंबरच्या अंड्यांना सावली नकोच. मार्च-एप्रिलच्या उन्हात मात्र नारळाची झापे किंवा हिरवी जाळी वर धरावी. सरसकट दाट मांडव घालणे मला पटत नाही, कारण त्याने नरच नर होतील. उघड्या पुळणीवर त्याच खोलीत जी ऊब असेल तिच्याजवळ राहावे, हे बरे. पाणी शिंपडायचे तर बेताने. घरट्यात पाणी साचले तर अंडी गुदमरतात.

तापमापक नसेल तेथेही एक वही पुरते. ऊब जास्त असेल तर पिल्ले पंचेचाळीस-पन्नास दिवसांत बाहेर येतात, कमी असेल तर साठ दिवस किंवा अधिक लागतात. अंडी पुरल्याची आणि पिल्ले निघाल्याची तारीख लिहून ठेवली की त्या घरट्याला किती ऊब मिळाली याचा अंदाज येतो. माझ्या आईवडिलांच्या पिढीत गावात वही लिहिणारा शोधावा लागे. आता तसे नाही.

पिल्ले अंड्यातून निघाली तरी एकदम वर येत नाहीत. वरची वाळू तापलेली असेल तर ती खालीच थांबतात आणि बहुधा रात्री, वाळू निवल्यावर बाहेर पडतात. घरट्यावर पालथी टोपली ठेवलेली असते, तिच्याखाली ती अडतात. रात्री आलेली पिल्ले सकाळी उन्हात राहिली तर थोड्या वेळात दगावतात. म्हणून उजाडताच आणि दिवस मावळताना टोपल्या उचलून पाहाव्या लागतात. वेळासला कासव महोत्सवासाठी माणसे लांबून येतात, घरोघरी उतरतात, गावाला चार पैसे मिळतात. हे चांगलेच आहे. तरीही पाहुणे यायचे आहेत म्हणून पिल्ले रोखून धरणे योग्य नाही. तेवढ्या वेळात त्यांची पोहण्याची ताकद संपते. टबातल्या पाण्यात ठेवली तर ती तेथेच पोहत राहून थकतात. भर दुपारी टोपलीखाली पिल्ले दिसलीच, तर त्यांना ओलसर वाळू घातलेल्या पाटीत ठेवावे, वर गोणपाट टाकावे, पाटी सावलीत न्यावी आणि ऊन कलून पुळण निवली की लाटेपासून थोड्या अंतरावर सोडावे. पुढे ती आपली आपण चालत जातात.