केसतुडाला हात लावण्याआधी

ऑक्टोबरच्या उकाड्यात माझ्या भाच्याच्या मांडीवर केसतूड उठलं. घट्ट जीन्स, दिवसभर दुचाकीची सीट आणि घाम. सुरुवातीला मुगाएवढी लाल पुळी होती, मधोमध केस, टोकाला पिवळा ठिपका. तिसऱ्या दिवशी पोरानं ती दोन्ही अंगठ्यांनी दाबली. थोडा पू बाहेर आला, बाकीचा आत पसरला. पाचव्या दिवशी लिंबाएवढं गळू घेऊन तो लंगडत माझ्याकडे आला. शेवटी डॉक्टरांना चिरून पू काढावा लागला.

तेव्हा सगळ्यात आधी हे: पिळायचं नाही, सुईनं टोचायचं नाही. नाकावर किंवा वरच्या ओठावर असेल तर मुळीच नाही, कारण तिथल्या शिरा आत मेंदूजवळच्या शिरांना जाऊन मिळतात.

मग उजेडात नीट पाहा. दुखरी, पुवाची, मधोमध केस असलेली पुळी बहुधा स्टॅफिलोकॉकस नावाच्या जिवाणूंमुळे येते. हे जिवाणू कित्येकांच्या नाकपुड्यांत एरवीही असतात. खाजवलं, वस्तरा लागला, कपडा घासला की केसाच्या मुळाशी शिरतात. छातीवर, खांद्यांवर, पाठीवर एकसारख्या बारीक आणि खूप खाजणाऱ्या पुळ्या असतील, तर ते बुरशीचं काम असू शकतं. त्यावर अँटिबायोटिक घेतलं तर त्या उलट वाढू शकतात. त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

साध्या केसतुडाला खरं औषध म्हणजे शेक. स्वच्छ सुती फडकं सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवा, पिळा, आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा आणि मग पुळीवर ठेवा. दाबू नका, नुसतं टेकवा. फडकं दोन मिनिटांत गार होतं, पुन्हा बुडवा. असं 10 ते 15 मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. कंटाळवाणं आहे, पण एकदाच शेकून सोडून दिलं तर उपयोग होत नाही. आजी जवसाचं पोटीस बांधायची, त्यातही गुण उबेचाच होता. फुटलेल्या कातडीवर मात्र पीठ, चुना, हळद काही थापू नका. आपणहून फुटलं तर गॉजनं टिपा, साबणानं धुवा, कोरडं करून नवं गॉज लावा आणि हात धुवा. टॉवेल वेगळा ठेवा, तो गरम पाण्यात धुवा.

मेडिकलमधून ‘खाजेची ट्यूब’ आणू नका, हे मी हात जोडून सांगते. अशा कित्येक ट्यूबांमध्ये स्टेरॉइड असतं. दोन दिवस लाली उतरते, आणि आतला संसर्ग मोकाट वाढतो.

ताप आला, लाली पसरत चालली, एकाच गाठीला अनेक तोंडं फुटली (हीच काळपुळी), डोळ्याजवळ आलं, किंवा आठवडाभर शेकूनही उतरलं नाही, तर घरी थांबू नका. मधुमेह असेल तर पहिल्याच दिवशी जा.

पुन्हा होऊ नये म्हणून तेलाकडे बघा. मांड्या-पोटऱ्यांना तेल चोळून त्यावर तंग पँट चढवली की केसांची तोंडं बुजतात. तेल लावायचंच तर थोडं, केसांच्या दिशेनं, आणि नंतर अंघोळ करा. दाढी अंघोळीनंतर, केस मऊ असताना करा. कातडी ताणू नका, उलटा हात फिरवू नका. सलूनमध्ये नवं ब्लेड डोळ्यांसमोर लावायला सांगा. घामाचे कपडे घरी आल्याबरोबर बदला.

एवढं करूनही महिन्या-दोन महिन्यांनी उठतच असेल, तर रक्तातली साखर तपासून घ्या, आणि घरात आणखी कुणाला होतंय का तेही विचारा. डॉक्टर मग कधी कधी नाकपुडीत लावायचं मलम देतात. दुखणं मांडीला आणि औषध नाकाला, म्हणून ते अर्धवट सोडू नका.