एक ते बारा तारखांचा घोळ

कळंबला कापसाचा हंगाम लागला की जिनिंगच्या काट्यावर गाड्यांची रांग लागते. भरलेली गाडी मोजायची, कापूस खाली केला की रिकामी मोजायची, काटापट्टी फाडायची. त्या नोंदींवरून चुकाऱ्याची यादी निघते, आणि यादीत नाव नाही तर पैसे नाहीत. म्हणून या यादीतली चूक मी कधीच किरकोळ मानत नाही.

एका जिनिंगमधून जानेवारीत बोलावणं आलं. टाकलेल्या पट्ट्या मधूनच यादीतून गायब होत होत्या. खिडकीशी एक शेतकरी विचारत होता, "भाऊ, पट्टी हातात हाये, मंग यादीत नाव काऊन नाही?" प्रोग्राम जुना, एएसपीत लिहिलेला, ब्राउझरमधून चालणारा, खाली अ‍ॅक्सेसचा डेटाबेस. लिहिणारा केव्हाच दुसरीकडे गेलेला. कुणी व्हायरस म्हणे, कुणी लाईटचा झटका. उपाय मात्र सगळ्यांचा एकच: सर्व्हर रीस्टार्ट करा आणि हरवलेली पट्टी पुन्हा टाका.

ते पुन्हा टाकणं मी आधी थांबवलं. त्याने यादी जुळते, पण पुरावा झाकला जातो आणि एकाच पट्टीचा चुकारा दोनदा निघण्याची सोय होते. त्याऐवजी स्थळप्रती काढून वहीत लिहायला लावलं: पट्टी क्रमांक, तारीख, वेळ, कोणत्या कॉम्प्युटरवरची नोंद. तुमच्याकडे अशी अधूनमधून होणारी चूक असेल तर सुरुवात या वहीपासूनच करा. आमच्या वहीत वेळेचा किंवा कॉम्प्युटरचा काही संबंध दिसेना. पण हरवलेली एकूणएक पट्टी महिन्याच्या पहिल्या १२ दिवसांतली होती. त्यातही १२ डिसेंबर आणि १ जानेवारी या दोन दिवसांच्या पट्ट्या शाबूत!

मग थेट टेबल उघडलं. ५ डिसेंबरच्या पट्ट्या तिथेच होत्या, फक्त १२ मे होऊन बसलेल्या. यादी महिना निवडून निघायची, त्यामुळे डिसेंबरच्या यादीत त्या येणार कुठून? अ‍ॅक्सेसच्या क्वेरीत # या दोन चिन्हांमध्ये लिहिलेली तारीख अमेरिकी पद्धतीने वाचली जाते, आधी महिना आणि मग दिवस. विंडोजची सेटिंग काहीही असो. १३/१२ आलं तर तेरावा महिना नसल्यामुळे ते मुकाट्याने उलटं वाचून बरोबर तारीख लावतं. एरर येतच नाही, घात होतो तो इथे.

मग इतकी वर्षं कसं चाललं? प्रोग्राम आजची तारीख सर्व्हरच्या सेटिंगप्रमाणे क्वेरीत चिकटवायचा, आणि जुन्या सर्व्हरवर ती सेटिंग अमेरिकी होती. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात सर्व्हर बदलला, नव्यावर भारतीय सेटिंग आली. महिनाअखेरपर्यंत सगळं सुरळीत चाललं, त्यामुळे १ डिसेंबरच्या गोंधळाचा दोष नव्या मशीनवर कुणी धरला नाही. १३ तारखेला गोंधळ आपोआप थांबला, त्याचं श्रेय रीस्टार्टला मिळालं. अशा वेळी 'काल काय बदललं' एवढंच विचारून भागत नाही. मागच्या दोन-तीन महिन्यांत काय काय बदललं, ते विचारा.

सेटिंग पुन्हा अमेरिकी करून मोकळं होता येतं, पण तसं करू नका. पुढचा सर्व्हर आला की हेच पुन्हा. क्वेरीत तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्या, आणि नोंद, दुरुस्ती, अहवाल अशा प्रत्येक पानावर # शोधून ती बदला.

डेटाला हात लावण्याआधी डेटाबेस फाईलची प्रत बाजूला ठेवा. मे महिन्याच्या सगळ्या तारखा सरसकट उलटवू नका, कारण मेमध्येही कापूस येतो. सर्व्हर बदलल्यानंतरच्या अनुक्रमांकांपुरतंच काम ठेवा, प्रत्येक नोंद स्थळप्रतीशी ताडून पाहा, आणि दोनदा टाकलेल्या पट्ट्या वेगळ्या काढा. चाचणी प्रतीवरच घ्या, ५ तारखेची एक नोंद आणि २५ तारखेची एक. १२/१२ ची नोंद चाचणीला घेऊ नका. ती बिघडलेल्या प्रोग्राममध्येही बरोबरच येते.